राहुल बजाज : अपक्ष खासदारकीचा अर्थ

प्रमोद महाजन यांच्या निधनाने रिकामी झालेली महाराष्ट्रातली राज्यसभेची जागा उद्योगपती राहुल बजाज यांनी जून २००६ मध्ये अपक्ष म्हणून जिंकली. पाठिंबा राष्ट्रवादी, भाजप आणि शिवसेनेचा. पराभूत उमेदवार काँग्रेसचे अविनाश पांडे. तीन पक्षांच्या आमदारांच्या मतांवर निवडून येणारा माणूस अपक्ष कसा, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर खासदारकीच्या चार वर्षांत शोधून मिळणार नाही. बजाज यांचे सार्वजनिक वजन पिंपरी-चिंचवडमधल्या आकुर्डीच्या कारखान्यात तयार झाले होते. ते कोणत्या पक्षाने दिलेले नव्हते, त्यामुळे कोणाला काढूनही घेता येत नव्हते.

राजकारण त्यांच्या घरातच होते : आजोबा जमनालाल गांधीजींचे निकटवर्ती, वडील कमलनयन वर्ध्याचे खासदार. राहुल यांनी मात्र १९६८ मध्ये बजाज ऑटोची सूत्रे घेतली आणि कुटुंबासह आकुर्डीत, कारखान्याच्या आवारातल्या वसाहतीतच संसार केला. १९७२ मध्ये आलेल्या चेतक स्कूटरसाठी ग्राहक वर्षानुवर्षे थांबत. परवाना पद्धतीने उत्पादनाला वेसण घातली तशी स्पर्धाही रोखली, आणि त्याचा लाभ बजाजना झाला, हे मान्यच केले पाहिजे. म्हणूनच १९९३ मध्ये बजाज यांच्यासह काही उद्योगपतींच्या ‘बॉम्बे क्लब’ने परदेशी कंपन्यांशी समान अटींवर स्पर्धा मागितली, तेव्हा अनेकांना त्यात जुन्या संरक्षणाचा मोह दिसला. पण पुढचा पुरावा वेगळे सांगतो. १९९९ मध्ये चाकणचा कारखाना उभा राहिला, २००१ मध्ये पल्सर मोटारसायकल आली आणि त्यांचे पुत्र राजीव बजाज यांच्या पुढाकाराने स्कूटरची कंपनी मोटारसायकलींची मोठी निर्यातदार झाली. संरक्षणावरच जगणाऱ्या कंपनीला हे साधले नसते.

त्याहून कठीण आक्षेप २००७ चा. बजाज खासदार आणि कंपनीचे अध्यक्ष असतानाच आकुर्डीतले उत्पादन थांबले. कंपनीच्या हिशेबात तो निर्णय बसला असेल, पण पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला या खासदाराला मताने जाब विचारता येत नव्हता. राज्यसभेचे मतदार आमदार असतात. पक्षापासूनची मोकळीक इथे जनतेपासूनचीही ठरली. तरीही त्या मोकळिकीचे मोल नोव्हेंबर २०१९ मध्ये दिसले. मुंबईतल्या एका समारंभात गृहमंत्री अमित शहा यांच्यासमोर बजाज यांनी सांगितले की उद्योजक सरकारवर टीका करायला घाबरतात. तेव्हा खासदारकी संपून नऊ वर्षे झाली होती. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी ते गेले. त्यांच्या निर्भयतेचा गौरव करावाच, पण ती मोठ्या भांडवलाच्या आधारावर उभी होती हेही विसरू नये. सत्तेसमोर खरे बोलण्याची तीच मुभा चाकणच्या कंत्राटी कामगारालाही मिळेल, तेव्हाच ती लोकशाहीची कमाई म्हणता येईल.