कुलूप बोलतं, ते ऐकावं

पिकअप ही आपल्या ग्रामीण भागातली सगळ्यात राबणारी गाडी. सांगोल्याची डाळिंबं असोत की नारायणगावचे टोमॅटो, रात्री भरायचे आणि पहाटे मार्केट यार्डात उतरवायचे. चालक आडत्याच्या गाळ्यावर हिशेबाला जातो तेव्हा गाडीची कागदपत्रं, आदल्या पट्टीचे पैसे, जेवणाचा डबा, सगळं केबिनमध्येच असतं. त्याची राखण करतं ते दाराचं कुलूप. हे कुलूप आता विजेवर चालतं आणि एक दिवस रुसतं.

माझ्या भाच्याच्या पिकअपचं असंच झालं. डाव्या बाजूचं दार लॉक होईना. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, सगळा सेट बदला. भाचा म्हणाला, ‘‘मामू, एका दाराचं दुखणं, तर औषध दोन्ही दारांना कशाला?’’ प्रश्न अगदी रास्त होता. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण माझी उठबस वर्षानुवर्षं मोटर इलेक्ट्रिशियनच्या दुकानात आहे. तिथे एक गोष्ट शिकलो. बिघाड शोधताना पान्ह्याच्या आधी कान लावावा.

विजेचं कुलूप काही कालपरवाचं नाही. अमेरिकेतल्या स्क्रिप्स-बूथ या मोटारीला ते १९१४ सालीच होतं. त्याची रचनाही साधी आहे. दाराच्या आत छोटी मोटर असते. तिला दोन तारांतून १२ व्होल्टचा क्षणभराचा झटका मिळाला की ती दांडी ओढते आणि दार लॉक होतं. तोच प्रवाह उलट्या दिशेने गेला की दार उघडतं. मागाहून बसवलेल्या सेटमध्ये चालकाच्या दारातल्या मोटरला बहुधा पाच तारा असतात. जादा तीन तारा ‘मी बंद झालो, मी उघडलो’ ही वर्दी कंट्रोल बॉक्सला देतात. म्हणजे चालकाचं दार मुकादम आणि दुसरं दार त्याच्या हुकमाचं.

म्हणून पहिला प्रश्न असा, की दोन्ही दारं गप्प आहेत की एकच? दोन्ही असतील तर आधी फ्यूज पाहा. तो जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तार गुंडाळून काम भागवू नका, आग लागेल. नवाही जळला, तर कुठेतरी तार पत्र्याला टेकते आहे. रिमोटने होत नाही, पण चालकाच्या दारात किल्ली फिरवल्यावर दोन्ही दारं लॉक होतात? मग आधी रिमोटचा सेल बदला.

एकच दार अडलं असेल तर इंजिन बंद करा आणि दाराला कान लावा. ‘खट्’ असा खणखणीत आवाज येतो, पण लॉक हलत नाही, तर दांडीची प्लास्टिकची क्लिप निसटली असेल. आवाज दबका असेल तर लॉक हाताने हलवून पाहा. जड लागलं तर आत धूळ बसली आहे. साफ करून वंगण द्या. हलकं असूनही आवाज दबकाच राहिला, तर मोटर थकली आहे.

आवाजच नसेल तर वीज पोचते का ते पाहायचं. दार आणि केबिन यांच्यामध्ये, बिजागरीपाशी रबराची नळी असते. तिच्यातल्या तारा प्रत्येक उघडझापीला वाकतात. वरचं आवरण शाबूत दिसतं आणि आतलं तांबं तुटलेलं असतं. एकाने बटण दाबत राहावं, दुसऱ्याने दार हळूहळू मागेपुढे करावं. मध्येच लॉक हललं, तर चोर तिथेच आहे. भाच्याच्या गाडीत तो तिथेच निघाला. तारेचा नवा तुकडा डाख देऊन जोडला आणि काम झालं. नुसती टेप गुंडाळली असती तर आठवड्यात पुन्हा तेच.

नळीतल्या तारा धड असतील तर दाराचं पॅड काढून मोटरच्या जोडावर टेस्ट लॅम्प लावा. बटण दाबल्यावर दिवा क्षणभर लुकलुकला, तर वीज पोचते आहे. तेव्हा ती एक मोटर बदला. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद मात्र परत नीट चिकटवा. तो नसला की पावसाचं पाणी आत झिरपतं.

लॉक लागलं नाही तर पैसे जातील. उघडलं नाही तर जीव जाईल. उन्हातली बंद केबिन काही मिनिटांत तापते. मूल आत अडकलं आणि दार उघडेना, तर वाट पाहू नका. मुलापासून लांबची, बाजूची काच कोपऱ्यात घाव घालून फोडा. तिचे बारीक दाणे होतात. समोरची काच मात्र चिकट थरामुळे सहज फुटत नाही. बॅटरी मेली तरी दार आतून हाताने आणि बाहेरून किल्लीने उघडलंच पाहिजे. हे महिन्यातून एकदा तपासावं. आणि तपासताना काच खाली, किल्ली खिशात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)