डचांचं राज्य परत आलं असतं तर?

१९ डिसेंबर १९४८ची पहाट. डच छत्रीधारी सैनिक योग्यकार्ताजवळच्या मागुवो विमानतळावर उतरले आणि त्याच दिवशी इंडोनेशियन प्रजासत्ताकाची राजधानी पडली. तिचे नेते सुकार्नो आणि हट्टा कैद झाले. मोहीम फत्ते! आणि जेमतेम वर्षभरानंतर, २७ डिसेंबर १९४९ला, याच डचांनी इंडोनेशियाचं सार्वभौमत्व मान्य केलं.

जर-तरचा इतिहास लिहिणारे बहुधा एखाद्या लढाईचा निकाल फिरवतात. इथे त्याचा उपयोग नाही. लढाया डच जिंकतच होते. फिरवायचा तर मादियूनचा उठाव फिरवावा लागेल.

पण त्याआधी पूर्व जावातलं सुराबाया शहर. डचांची ही वसाहत बळकावून बसलेला जपान शरण गेल्यावर, १७ ऑगस्ट १९४५ला सुकार्नो-हट्टांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. नाझींच्या तावडीतून नुकत्याच सुटलेल्या हॉलंडकडे तेव्हा पाठवायला फौज नव्हती. म्हणून जपान्यांची शस्त्रं उतरवायला आणि छावण्यांतले कैदी सोडवायला ब्रिटिश आले, म्हणजे बव्हंशी आपलेच हिंदी शिपाई. त्यांत मराठा पलटणही होती. ३० ऑक्टोबरला सुराबायातल्या लाल पुलाजवळच्या इंटरनॅशिओ इमारतीत मराठा शिपाई वेढले गेले होते आणि बाहेरच्या चौकात ब्रिटिश ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. १० नोव्हेंबरला ब्रिटिशांनी शहरावर तोफा डागल्या. तो दिवस इंडोनेशियात आजही वीरदिन आहे. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या शिपायांनी दुसऱ्याचं स्वातंत्र्य चिरडायला उभं राहावं, ही साम्राज्याची खास तऱ्हा.

पुढे डचांनी लाखावर सैन्य उतरवलं. जुलै १९४७च्या पहिल्या स्वारीला त्यांनी नाव दिलं ‘पोलीस कारवाई’. आपलंच घर आहे, चोर हुसकावतोय, असा आव. मळे आणि तेलविहिरी ताब्यात आल्या. गावं मात्र गनिमांचीच राहिली.

सप्टेंबर १९४८मध्ये पूर्व जावातल्या मादियूनला कम्युनिस्टांनी प्रजासत्ताकाविरुद्धच उठाव केला. सुकार्नो-हट्टांच्या सरकारने तो स्वतःच्या फौजेनिशी मोडून काढला. वॉशिंग्टनला हे फार आवडलं. तीन महिन्यांनी डचांनी याच सरकारला पकडलं, तेव्हा अमेरिकेने डचांना इंडोनेशियासाठी मिळणारी, युद्धोत्तर उभारणीची मार्शल मदत थांबवली. खुद्द हॉलंडची मदतही जाते की काय, अशी धास्ती पसरली. जानेवारी १९४९मध्ये नेहरूंनी दिल्लीत आशियाई देशांची परिषद बोलावली. २८ जानेवारीला सुरक्षा परिषदेने कैद्यांच्या सुटकेचा ठराव केला. तिकडे सुमात्रात शाफ्रुद्दीन यांच्या नेतृत्वाखालचं प्रजासत्ताकाचं आणीबाणीचं सरकार जंगलातून कारभार रेटत होतं.

आता समजा, मादियूनचा उठाव यशस्वी झाला असता. मग डच हे वसाहतवाले न ठरता कम्युनिस्टांशी लढणारे ठरले असते. ही नुसती कल्पना नाही. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह कम्युनिस्ट होते, म्हणून १९५० पासून फ्रेंचांच्या युद्धासाठी अमेरिकेने पैसा ओतला. तरी १९५४मध्ये दिएन बिएन फूला फ्रेंच हरलेच. माझ्या मते जावातही शेवट तोच झाला असता, फक्त पाच-सात वर्षं उशिरा, कितीतरी जास्त रक्त सांडून, आणि सत्तेवर आले असते ते सुकार्नो नव्हेत. २६ जानेवारी १९५०ला आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे सुकार्नो होते. त्या जर-तरमध्ये ती खुर्ची बहुधा दुसऱ्याच कुणाला मिळाली असती.

खऱ्या इतिहासातही डच रिकाम्या हाताने गेले नाहीत. पश्चिम न्यू गिनी त्यांनी १९६२पर्यंत सोडलं नाही. शिवाय सत्तांतर ठरवणाऱ्या हेगच्या गोलमेज परिषदेत जुन्या वसाहत सरकारचं सुमारे ४.३ अब्ज गिल्डरचं कर्ज नव्या देशाच्या माथी मारलं. १९५६मध्ये इंडोनेशियाने उरलेली रक्कम द्यायला साफ नकार दिला.