इंजिन घेत नाही? आधी आवाज ऐका

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारीबंदी असते. ती उठली, शाकारलेल्या बोटी पाण्यात उतरल्या, की हर्णैपासून मालवणपर्यंत कुठल्याही बंदरात हे ठरलेलं: कुणाचं तरी इंजिन घेत नाही, आणि भोवती जमलेल्या प्रत्येकाकडे निदान तयार असतं. ‘बॅटरी गेली.’ ‘पंप गेला.’ ‘नोझल खोला.’ लगेच पाने निघतात. खरं तर बंद करताना नीट चालणारं इंजिन नुसतं उभं राहून आतून मोडत नाही. बिघाड बहुधा बाहेरच असतो, तारेत, नळीत नाहीतर फिल्टरात. तो कुठल्या बाजूला आहे हे चावी फिरवल्यावर येणारा आवाज सांगतो. नुसतं ‘टक्’ झालं किंवा काहीच झालं नाही, तर विजेची बाजू बघायची. सेल्फ जोरात ‘घर्रर’ करतोय पण इंजिन पेटत नाही, तर बॅटरी सोडा आणि डिझेलमागे लागा.

‘दिवे लख्ख पेटतायत, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे’ हे विधान बंदरावर रोज ऐकू येतं. दिव्याला एखाद-दोन अँपिअर पुरतात, सेल्फला शेकड्यांनी लागतात. 12 व्होल्टची भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12 च्या खाली आली की ती जवळजवळ रिकामीच. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी दमलेली आहे. पण ते बारावर टिकून आहे आणि सेल्फ तरीही हलत नाही, तर वीज वाटेतच अडते आहे. अशा वेळी नवी बॅटरी आणणं म्हणजे पैसे पाण्यात.

खाऱ्या हवेत ही वाट टर्मिनलवर अडते. सेल्फ दोनदा मारून दोन्ही टर्मिनलांना जपून बोट लावा. जे गरम लागेल ते सैल किंवा खराब. आधी ऋण बाजूची केबल काढा, मग धन बाजूची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून तो हिरवट-पांढरा थर धुवा, शिसं चकाकेपर्यंत पॉलिशपेपर मारा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. एवढं करून लोक थांबतात, पण ऋण केबलचं दुसरं टोक इंजिनाच्या अंगाला बोल्टने कसलेलं असतं, तिथला गंज तसाच राहतो. तोही घासा. आणि हो, गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, ते पाहा. बऱ्याच बोटींत त्याशिवाय सेल्फ लागतच नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘मारत राहा, कधीतरी घेईल’. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग एक-दोन मिनिटं विश्रांती. नाहीतर त्याचं वाइंडिंग जळतं. ज्या बोटींत समुद्राचं पाणी सायलेन्सरमध्ये सोडलेलं असतं, तिथे धोका आणखी मोठा. सेल्फने इंजिन फिरतं तेव्हा पाण्याचा पंपही फिरतो. इंजिन चालू असतं तर धुराच्या जोराने ते पाणी बाहेर फेकलं गेलं असतं. इथे धूर नाही, त्यामुळे सायलेन्सर भरत जातो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं. पाणी दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून दोन-तीनदा मारून घेतलं नाही, तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा. इंजिन सुरू झाल्याक्षणी तो उघडा, विसरलात तर पंपातला रबरी इंपेलर कोरडा फिरून फाटेल. बराच वेळ ‘घर्रर’ करणारं इंजिन एकदम ‘टक्’ करून अडलं, तर मात्र हात आवरा आणि मेकॅनिकला बोलवा.

‘टाकी भरलेली आहे, म्हणजे डिझेल येतंय’ याची परीक्षा एक्झॉस्टला होते. सेल्फ मारताना धुराचा मागमूस नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येतोय, तर पोचतंय पण पेटत नाही. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात डिझेल पेटतं. सेल्फ रेंगाळत फिरला तर ती उष्णता टिकत नाही, म्हणून पांढऱ्या धुराला कधी कधी बॅटरीच कारण असते.

धूर नसेल तर पहिली नजर स्टॉप केबलवर. इंजिन बंद करताना ओढलेली ती तशीच राहिली असेल, तर दिवसभर मारा, घेणार नाही. ती मोकळी असेल, तर पुढचा संशय लाइनमध्ये धरलेल्या हवेवर. फिल्टर बदलला किंवा टाकी तळाला गेली की हवा शिरते. पंप ती दाबतो, पण नोझल उघडण्याइतका दाब चढत नाही. फिल्टरवरचा एअर स्क्रू अर्धा फेरा सैल करा आणि लिफ्ट पंपाचा छोटा दांडा हाताने मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू कसा. अर्धवट टाकीत पावसाळाभर ओलावा साठून पाणी तळाशी बसतं, तेव्हा फिल्टरखालची वाटीही रिकामी करून बघा. बंदीच्या आधी टाकी गच्च भरून ठेवली तर हा त्रास बराच टळतो.

पेट्रोलचं फडकं हवेच्या तोंडाशी धरून इंजिन उठवणाऱ्यांचं कौतुक होतं. ते नको. पेट्रोल वेळेआधी पेटतं, पिस्टनच्या रिंगा तुटतात. हवा तापवायचा हीटर असेल तर भडकाच.

पेट्रोलच्या आउटबोर्डचा मामला सोपा. लाल दोरीची किल-स्विचची क्लिप जागेवर आहे का, टाकीच्या झाकणाचा एअर स्क्रू उघडा आहे का, रबरी फुगा दाबून घट्ट होतो का, हे आधी बघायचं. पेट्रोलचा भपका येत असेल तर चोक पुन्हा ओढू नका, प्लग काढून वाळवा. मागच्या मोसमातलं पेट्रोल काढूनच टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, पाणी फार झालं की त्याच्यासकट तळाला बसतं, आणि इंजिन नेमकं तळातूनच पितं.

हे सगळं धक्क्याला बांधलेल्या बोटीचं. भर समुद्रात इंजिन बंद पडलं की सगळे इंजिनावर ओणवे होतात आणि बोट वाहत खडकांकडे जाते. आधी नांगर टाका, मग पाना उचला. जमत नसेल तर व्हीएचएफच्या 16 क्रमांकाच्या चॅनलवर कळवा किंवा तटरक्षक दलाचा 1554 लावा, आणि तेही उजेड आहे तोवर.