महाग गाडी की मोठं नाव? आलिशान मोटारींचा बाजार समजून घेऊ



बारावीला वाणिज्य शिकवताना विपणनाचा पाठ येतो. वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी हे चार शब्द मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. पण त्याच मुलांना मर्सिडीज, ऑडी, बीएमडब्ल्यू ही नावं विचारून बघा. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या रस्त्यावर या गाड्या क्वचितच दिसतात, तरी चिन्हावरून गाडी ओळखणारी मुलं प्रत्येक वर्गात निघतात. जी वस्तू आपण घेणार नाही तिचं नाव आपल्याला इतकं पाठ कसं? आजचा पाठ इथूनच सुरू करू.

सारंगखेड्यापासून सुरुवात

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार लागतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला आहे. तिथे टांग्याचा घोडा असतो, तसा कपाळ आणि चारही पाय पांढरे असलेला पंचकल्याणीही असतो. दोघांनाही चार पाय, दोघंही पळतात, पण भावात जमीन-अस्मानाचा फरक. वंश, उंची, रंग, चाल, अंगावरची शुभ मानलेली लक्षणं हे सगळं त्या भावात येतं. एखाद्या घोड्याचा मालक कोटीचा भाव सांगतो आणि वर ‘विकायचा नाही’ असंही म्हणतो, अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. न विकलेल्या त्या घोड्यामुळे मालकाचं नाव होतं आणि त्याच वंशाच्या शिंगराला चांगला भाव मिळतो. आलिशान मोटारींचा बाजार बराचसा असाच चालतो.

महाग म्हणजे आलिशान का?

नाही. आपल्या भागात ऊसतोडणीचं यंत्र येतं, त्याची किंमत कोटीच्या घरात जाते. पण त्याला कुणी आलिशान म्हणत नाही. घेणारा हिशेब करतो: दिवसाला किती टन ऊस तोडेल, डिझेल किती लागेल, हप्ता किती वर्षांत फिटेल. त्याची किंमत कामावरून ठरते.

आलिशान मोटारीचा असा हिशेब कुणी मांडत नाही. शहाद्याहून नंदुरबारला साधी गाडीही पोहोचवते. पन्नास लाखांच्या गाडीत आराम, सुरक्षितता, ताकद जास्त मिळते हे खरं, पण किमतीतला सगळा फरक तेवढ्यानं भरून निघत नाही. उरलेली रक्कम नावासाठी दिली जाते. ज्या वस्तूच्या किमतीत नावाचा वाटा मोठा असतो, ती आलिशान वस्तू, अशी सोपी व्याख्या मुलांना देता येईल.

नाव कशावर उभं राहतं?

1. आधी काम. अचानक ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा मर्सिडीजनं 1978 मध्ये आपल्या मोठ्या गाडीत दिली. आज आपल्याकडे लहान गाडीतही ती सक्तीची आहे. म्हणजे महाग गाडीतली सोय काही वर्षांनी सगळ्यांपर्यंत येते. नुसत्या जाहिरातीवर नाव टिकत नाही.

2. इतिहास. कार्ल बेंझ यांनी 1886 मध्ये मोटारीचं पेटंट घेतलं. 1888 मध्ये त्यांच्या पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती गाडी शंभरेक किलोमीटर चालवत माहेरी गेल्या. ही गोष्ट कंपनी आजही सांगते. नवा कारखाना दोन-तीन वर्षांत उभारता येतो, शंभर वर्षांचा इतिहास उभारता येत नाही.

3. बघणाऱ्यांची नजर. गाडी घेणारा एक असतो, ओळखणारे हजार. ते हजार जण ओळखतात म्हणून तर तो एक पैसे मोजतो. म्हणूनच जाहिरात न घेणाऱ्यांपर्यंतही पोहोचवली जाते. आपल्या वर्गातली मुलं चिन्ह ओळखतात ती यामुळेच.

नाव सांभाळण्याची धोरणं

वेगळं नाव. टोयोटा ही घराघरातली गाडी. कंपनीला श्रीमंत ग्राहक हवा होता, तेव्हा तिनं 1989 मध्ये अमेरिकेत ‘लेक्सस’ हे नवं नाव काढलं. फोक्सवॅगननं उलट केलं. त्या नावाचा अर्थच ‘लोकांची गाडी’. तरी त्याच नावानं ‘फेटॉन’ ही महागडी मोटार आणली. गाडी उत्तम होती, पण अमेरिकेत ती चालली नाही आणि तिथून मागे घ्यावी लागली.

टाटांचं उदाहरण तर घरचंच आहे. 2008 च्या जानेवारीत त्यांनी ‘नॅनो’ दाखवली, लाखाची गाडी म्हणून. त्याच वर्षी त्यांनी जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या, पण त्या गाड्यांवर टाटांचं नाव लावलं नाही. पुढे नॅनोला ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का बाधला. दुचाकीवरून चारचाकीवर येणाऱ्या माणसालाही ‘स्वस्तातली घेतली’ हे ऐकायचं नव्हतं. नावाची किंमत गरीबही जाणतो, हे यावरून शिकता येतं.

कमी माल. फेरारी मुद्दाम मोजक्याच गाड्या बनवते. मागणी जास्त, माल कमी, म्हणजे भाव टिकतो.

दर कमी न दाखवता गाडी परवडवणं. आलिशान गाडीवर ‘मोठी सूट’ असा फलक लावला तर आधीचे ग्राहक नाराज होतात. म्हणून कंपन्या दुसरे रस्ते काढतात: सोपे हप्ते, जुनी गाडी परत घेण्याची हमी, तरुणांसाठी त्याच नावाची लहान गाडी. शिवाय तयार गाडी परदेशातून आणली तर आयात कर जबर बसतो. सुटे भाग आणून इथे जोडणी केली तर कर कमी लागतो. म्हणूनच मर्सिडीजच्या गाड्या पुण्याजवळ चाकणला आणि ऑडीच्या छत्रपती संभाजीनगरला जोडल्या जातात.

औरंगाबादच्या 150 गाड्या

ऑक्टोबर 2010. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवसात 150 मर्सिडीज घेतल्या. व्यवहार सुमारे 65 कोटींचा. देशभर बातमी झाली. आपल्या शहराकडे मागास म्हणून बघतात, ते चित्र बदलावं, असा त्यामागचा एक विचार होता. म्हणजे कंपनीचं नाव वापरून त्यांनी शहराचं नाव केलं. आणि आलिशान गाडीचा ग्राहक फक्त मुंबई-दिल्लीत असतो, हा समजही मोडला.

पण गोष्टीची दुसरी बाजूही मुलांना सांगा. या रकमेचा मोठा भाग कर्जाचा होता, सरकारी बँकेचं कर्ज, व्याज 7 टक्के. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहिलं, की त्याच मराठवाड्यात ट्रॅक्टर घेतलेल्या एका गरीब शेतकरी बाईला याच्या दुपटीहून जास्त व्याज पडलं होतं. शंभरेक गाड्या एकदम घेणारा गट बँकेशी घासाघीस करू शकतो, एकटी शेतकरी बाई करू शकत नाही. ट्रॅक्टर कमाई करून देतो, मोटारीची किंमत मात्र शोरूमबाहेर पडल्यापासून उतरते. तरीही स्वस्त पैसा मोटारीला मिळाला. यावर वर्गात चर्चा घ्या. आपल्या मुलांच्या घरी ट्रॅक्टरचे हप्ते चालू असतात, त्यांना बोलायला खूप काही असतं.

घरी आणि वर्गात काय करता येईल?

पालकहो, मोटार दूरची गोष्ट आहे, पण तीच युक्ती बूट, मोबाईल, दुचाकी यांतही असते. मूल विशिष्ट कंपनीच्याच बुटासाठी हट्ट धरतं तेव्हा त्याला रागावू नका. वर्गातल्या मुलांची नजर त्याला रोज सोसावी लागते, तो त्रास खरा असतो. त्याच्याजवळ बसून तीन प्रश्न विचारा:

- यातले किती पैसे वस्तूच्या कामाचे आणि किती नावाचे?
- हे नाव नसतं, तर ही वस्तू मी घेतली असती का?
- पैसे साठवून घेतोय की कर्ज काढून? कर्ज असेल तर वस्तू जुनी झाल्यावरही हप्ता चालूच राहील का?

उत्तरं त्यालाच शोधू द्या. विचार करूनही त्याला तेच बूट हवे वाटले तर तोही एक निर्णय आहे, फक्त तो समजून घेतलेला असावा.

सारंगखेड्याच्या बाजारात जाणता माणूस घोड्याची झूल बघून भाव करत नाही. तो आधी तोंड उघडून दात बघतो, मग घोडा चालवून बघतो आणि नंतर आकडा बोलतो. पुढच्या यात्रेला मुलांना घेऊन गेलात तर थोडा वेळ अशा माणसाजवळ नक्की उभे राहा.