आफ्रिकेतील दूरशिक्षण आणि पदवीच्या मान्यतेचा प्रश्न

विकसनशील आफ्रिकी देशांतील दूरशिक्षणाची चर्चा बहुधा वीज, टपाल व इंटरनेट यांच्या उणिवांपाशीच थांबते. नायजेरियाचा अनुभव मात्र निराळ्या उणिवेकडे लक्ष वेधतो. तेथे १९८३ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८४ मध्ये लष्करी राजवटीने बंद केले. ते पुन्हा उभे राहिले २००२ मध्ये. पुढे त्याच्या विधी पदवीधरांना वकिलीसाठी अनिवार्य असलेल्या प्रशिक्षण संस्थेत प्रवेश नाकारण्यात आला. ही पदवी पत्रद्वारा शिक्षणाची आहे, असा आक्षेप होता. २०१७ च्या अखेरीस विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तोवर अनेकांची उमेदीची वर्षे निघून गेली होती. अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वीच संबंधित व्यावसायिक परिषदेची मान्यता निश्चित करणे ही वरकरणी निव्वळ कार्यालयीन बाब; पण तिचे मोल विद्यार्थ्यांनी चुकविले.

दूरशिक्षणाने कायदा शिकविता येत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. दक्षिण आफ्रिका विद्यापीठ १९४६ पासून दूरशिक्षण देत आहे आणि नेल्सन मंडेला यांनी कारावासात असतानाच, १९८९ मध्ये, त्याची एलएल.बी. पदवी संपादन केली.