मोटारगाडीच्या दरवाजाचे कुलूप व मूठ : बिघाड आणि उपाय

कर्जत व खालापूर तालुक्यांतील भात, वाल, भाजीपाला व दूध बाजारात पोहोचविण्याचे पुष्कळसे काम आज लहान मालमोटारी करतात. या गाड्यांचे इंजिन व चाके यांकडे मालकाचे लक्ष असते. दरवाजाकडे मात्र तो अडून बसेपर्यंत सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक दरवाजाचा बिघाड ही केवळ गैरसोय नव्हे. बोरघाटाच्या वळणावर दरवाजा आपोआप उघडल्यास कडेला बसलेला मनुष्य बाहेर फेकला जातो; आणि अपघात किंवा आग यांच्या वेळी तो न उघडल्यास आतील माणसे अडकून पडतात. म्हणून या भागाची रचना व निगा प्रत्येक शेतकरी बंधूने समजून घ्यावी.

रचना

दरवाजाच्या कडेस एक फिरता जबडा असतो. दरवाजा लोटला म्हणजे गाडीच्या खांबावरील खुंटी त्या जबड्यात शिरते व आतील खटका त्यास अडकवून धरतो. जबडा दोन टप्प्यांनी बसतो. पहिल्याच टप्प्यावर राहिलेला दरवाजा बंद दिसतो, पण पुरता बसलेला नसतो. बाहेरची व आतली मूठ बारीक सळईने अथवा तारेने या खटक्यास जोडलेली असते.

बिघाडाची कारणे

आपल्या भागात पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. काचेच्या कडेने थोडे पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरणारच; ते निघून जावे म्हणून दरवाजाच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असतात. चिखलाने ती बुजली की पाणी आत साचते व लोखंड गंजते. मळणीचा भुसा आणि उन्हाळ्यातील धूळ जुन्या वंगणात मिसळून त्याचा चिकट थर होतो. रासायनिक खते ओलावा शोषून घेतात व गंज वाढवितात. म्हणून खताची वाहतूक झाल्यावर दरवाजाच्या कडा स्वच्छ पाण्याने धुवाव्यात.

दोष ओळखण्याची रीत

दरवाजा उघडा ठेवून व कुलूप काढून जबडा पेचकसाने बंद स्थितीत ढकलावा. दोन वेळा ‘खट्’ असा आवाज आला पाहिजे. नंतर बाहेरची मूठ ओढावी, पुन्हा जबडा ढकलून आतली ओढावी.

१. दोन्ही वेळा जबडा सुटला, तर खटका व मुठी ठीक आहेत. दरवाजा तरीही नीट बसत नसल्यास तो कडेस धरून वर उचलून पाहावा. तो हलत असेल तर बिजागरी झिजली आहे. हलत नसेल तर खुंटी सरकली आहे.

२. एकाच मुठीने जबडा सुटत नसेल, तर त्या मुठीची सळई निसटली आहे किंवा तिची प्लॅस्टिकची चाप तुटली आहे. ही चाप अल्प किमतीची असते. त्यासाठी सगळे कुलूप बदलू नये.

३. मागील दरवाजा केवळ आतून उघडत नसेल, तर प्रथम त्याच्या कडेवरील मुलांसाठी असलेला लहान खटका पाहावा. पुष्कळ वेळा तो नकळत सरकलेला असतो व बिघाड काहीच नसतो.

४. कोणत्याही मुठीने जबडा सुटत नसेल, तर तो दरवाजा मुळीच लावू नये. प्रथम खटका साफ करावा.

५. विजेवर चालणारे कुलूप बंद पडल्यास किल्लीने उघडून पाहावे. नंतर फ्यूज आणि बिजागरीजवळील रबरी नळीतील तारा तपासाव्यात. वारंवार वाकून त्या तेथेच तुटतात.

बंद दरवाजा अडकला असता मूठ जोराने ओढू नये. एकाने दरवाजा अंगाने आत दाबावा व दुसऱ्याने त्याच वेळी मूठ हळू ओढावी. खटक्यावरील ताण कमी होऊन तो बहुधा सुटतो.

निगा

वैशाखात, पावसापूर्वी, आणि भाताची मळणी आटोपल्यावर असे वर्षातून दोनदा पुढील काम करावे. तळाची छिद्रे बारीक काडीने मोकळी करावीत. जबड्यावरील जुने वंगण फडक्याने पुसून नवे ग्रीस लावावे. बिजागऱ्यांस तेलाचे थेंब द्यावेत. किल्लीच्या छिद्रात मात्र इंजिनचे तेल घालू नये, कारण त्यावर धूळ बसते. तेथे ग्रॅफाइटची कोरडी पूड वापरावी. आतले आच्छादन काढल्यास त्यामागील प्लॅस्टिकचा कागद पूर्ववत चिकटवावा, नाहीतर पाणी गाडीत शिरते. मालमोटारीच्या मागील फाळक्याच्या कड्या व साखळ्याही याच वेळी तपासाव्यात.

सावधगिरी

ज्या दरवाजाचा जबडा खुंटी धरीत नाही, त्याच्या बाजूस दुरुस्ती होईपर्यंत कोणासही बसवू नये. बंद गाडीत मुलांना एकटे ठेवू नये. उन्हात आतील हवा थोड्याच मिनिटांत असह्य तापते. ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत असता गाडी घालू नये. बाहेरील पाण्याच्या दाबामुळे उत्तम स्थितीतील दरवाजाही माणसाच्या बळाने उघडत नाही. असा प्रसंग ओढवलाच, तर दरवाजाशी झटत न बसता तत्काळ काच खाली करून बाहेर पडावे.

झिजलेली बिजागरी व सरकलेली खुंटी यांचे काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे. बाकीची तपासणी घरच्या घरी अर्ध्या तासात होते.