मोटार का जळते? व्होल्ट आणि अँपिअरचा हिशेब

गहू फुलोऱ्यावर किंवा दाणा चिकात असताना पाण्याची एक पाळी चुकली, तरी उत्पादनात घट येते. नेमक्या याच काळात परिसरातील सर्व पंप एकाच वेळी चालतात, विजेचा दाब कमी होतो आणि मोटारी जळतात. मोटार भरून आणण्याचा खर्च होतोच, शिवाय तेवढे दिवस पीक पाण्यावाचून राहते. मोटार जळण्यापूर्वी व्होल्ट आणि अँपिअर हे दोन आकडे धोक्याची सूचना देतात. शेतकरी बंधूंनी त्यांचा साधा हिशेब समजून घ्यावा.

दाब, प्रवाह, रोध आणि शक्ती

पाइपमधील पाण्याच्या दाबाप्रमाणे विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात. तारेतून वाहणारा प्रवाह अँपिअरमध्ये, तर तार या प्रवाहाला जो विरोध करते तो रोध ओहममध्ये मोजतात. पाइप लांब व अरुंद असेल तर पाण्याचा दाब वाटेतच कमी होतो. तारेचेही तसेच आहे.

रोध = दाब ÷ प्रवाह
शक्ती (वॅट) = दाब × प्रवाह
तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती = प्रवाह × प्रवाह × रोध

तीन फेजच्या मोटारीसाठी:
शक्ती = १.७३२ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर

दाब कमी झाला की प्रवाह वाढतो

५ अश्वशक्तीची मोटार म्हणजे ३,७३० वॅट. मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास तिला सुमारे ४,६६० वॅट वीज लागते. पॉवर फॅक्टर ०.८ धरल्यास ४१५ व्होल्टला ही मोटार सुमारे ८.१ अँपिअर प्रवाह घेते. दाब ३२० व्होल्टपर्यंत उतरला, तरी पाणी तेवढेच उचलायचे असते. त्यामुळे तीच मोटार सुमारे १०.५ अँपिअर घेऊ लागते.

प्रवाह ३० टक्के वाढला असे वरवर दिसते. परंतु वाइंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सुमारे १.७ पट होते. या उष्णतेने तारेवरील इन्शुलेशन खराब होते आणि मोटार जळते.

केबलमध्ये हरवणारा दाब

स्टार्टरपासून मोटारीपर्यंत ३०० मीटर तांब्याची केबल आहे व मोटार ८ अँपिअर घेते, असे समजून केलेला ढोबळ हिशेब पुढे दिला आहे.

२.५ चौ. मि.मी. केबल: रोध २.४ ओहम, दाबातील घट २७ व्होल्ट, ८ तासांत वाया जाणारी वीज ३.७ युनिट.
४ चौ. मि.मी. केबल: रोध १.५ ओहम, घट १७ व्होल्ट, वाया वीज २.३ युनिट.
६ चौ. मि.मी. केबल: रोध १ ओहम, घट ११ व्होल्ट, वाया वीज १.५ युनिट.

दाब कमी असताना प्रवाह वाढतो, म्हणून ही घटही वाढते. स्टार्टरवर ३५५ व्होल्ट दिसत असतील, तर बारीक केबलमध्ये सुमारे ३५ व्होल्ट जाऊन मोटारीस ३२० व्होल्टच मिळतात. ६ चौ. मि.मी. केबल असल्यास सुमारे ३४१ व्होल्ट मिळतात. म्हणजे स्टार्टरवरचा व्होल्टमीटर पाहून मोटार सुरक्षित आहे असे समजू नये. सबमर्सिबल पंपाच्या बाबतीत मोटारीजवळ दाब मोजता येत नसल्याने केबलची लांबी व जाडी यांवरूनच हिशेब करावा लागतो.

रिले बाजूला करू नका

मोटार वारंवार बंद पडते म्हणून काही शेतकरी ओव्हरलोड रिलेचे सेटिंग वाढवितात, रिले बाजूला करतात किंवा फ्यूजला जाड तार बांधतात. त्यामुळे पाणी चालू राहते, पण वाइंडिंग तापतच राहते. रिले बंद पडणे हा रिलेचा दोष नसून प्रवाह वाढल्याची सूचना असते.

काय करावे?

१) मोटारीच्या पाटीवरील व्होल्ट व अँपिअर वहीत लिहून ठेवावेत.
२) पंप चालू असताना वायरमनकडून टाँग टेस्टरने तिन्ही फेजचा प्रवाह मोजून घ्यावा. ओल्या हाताने किंवा स्वतः उघड्या तारांजवळ मोजमाप करू नये.
३) प्रवाह पाटीवरील आकड्यापेक्षा जास्त असल्यास पंप बंद करून कारण शोधावे. तिन्ही फेजच्या प्रवाहात मोठा फरक असल्यास सैल जोड, जळालेले कॉन्टॅक्ट व फ्यूज तपासावेत.
४) रिलेचे सेटिंग पाटीवरील अँपिअरइतकेच ठेवावे. एक फेज गेल्यास मोटार बंद करणारे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवावे.
५) लांब अंतरासाठी केबल घेताना केवळ किंमत न पाहता वरील हिशेब करावा.
६) ५ अश्वशक्तीच्या मोटारीस २ केव्हीएआरचा कपॅसिटर बसवावा. त्यामुळे डीपीकडून येणारा प्रवाह कमी होतो. एकट्याने बसविल्यास दाबात फारसा फरक दिसत नाही. मात्र एका डीपीवरील सर्वांनी बसविल्यास सर्वांचाच दाब सुधारतो.
७) दाब फारच कमी असल्यास डीपीवरील शेतकऱ्यांनी आपसांत पाळ्या ठरवून पंप चालवावेत.

पिकाच्या नाजूक अवस्थेत पाण्याची पाळी सांभाळायची असेल, तर हंगाम सुरू होण्यापूर्वीच हे मोजमाप करून घ्यावे.